चार वीत पाइप

५ जानेवारी

ती. काका,

जाड पाकीट पाहून काकूला वाटेल फोटो आहेत. फोटो नाहीत, काम आहे.

आमच्या चाचणीघरात काय चालतं ते तुम्हाला एकदा सांगितलं होतं. इंजिन जमिनीला बोल्टांनी जखडायचं, दिवसभर पळवायचं आणि मिनिटाला किती फेरे घेताना ते किती ओढतं, हे वहीत लिहायचं. आठ वर्षं मी हेच करतेय. सध्या आमच्याकडे माल वाहणाऱ्या एका छोट्या व्हॅनचं इंजिन आहे. सपाटीवर व्हॅन छान पळते. चढ आला की मान टाकते. आमच्या थोरल्या साहेबांनी दोन महिने सगळं बदलून पाहिलं आणि गेल्या आठवड्यात म्हणाले, दोष धूर बाहेर जातो त्या पाइपांत असणार. आत्ताचे पाइप आखूड आणि जाड आहेत.

मी म्हटलं, लांब आणि बारीक पाइप हातानं वाकवून देणारा माणूस माझ्या घरातच आहे. साहेबांनी विचारलं, ड्रॉइंग कुठे आहे? मी म्हटलं, ड्रॉइंग नाही, वीत आहे. सगळं चाचणीघर हसलं. साहेब हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. एवढंच म्हणाले, एक संच मागवा.

तर बाबांच्या जुन्या गाडीला केले होते तसेच चार पाइप करून द्या. प्रत्येकी चार वीत, मग चारी एकत्र. सात माणसं आत, दोन गाद्या टपावर आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तुमच्या गावचा चढ चढली होती. बाबा शेवटपर्यंत येईल त्या पाहुण्याला हे सांगत. हे इंजिनही जवळपास तेवढंच आहे. भोकांचं माप जुळावं म्हणून पाइप जिथं बसतात ती जाड पट्टी वेगळ्या पार्सलनं पाठवतेय. त्यात तुमच्यासाठी कातडी हातमोजे आहेत, दुकानातलं सगळ्यात मोठं माप.

काका, मी चारचौघांत शब्द देऊन बसलेय. तो राखणं आता तुमच्या हातात आहे.

तुमची
ठिणगी

१९ जानेवारी

ठिणगे,

काम असलं की काका आठवतो, हे घराण्याला धरूनच आहे. तुझा बापही तसाच होता.

तुझ्या साहेबाला सांग, ड्रॉइंग कागदावर सपाट असतं आणि पाइप वाकडा असतो. टेप लावायला जा, वळणावर उचलली जाते. हात उचलला जात नाही. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, वळणाच्या पोटाशी हात चिकटवत पुढं जायचं. उस्तादांनी मला असंच शिकवलं आणि चाळीस वर्षांत माझा पाइप परत आलेला नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

तुझे चार पाइप परवा झाले. वाळू कढईत भाजून कोरडी केली, पाइपात ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारलं आणि मग लाल करून वाकवले. वाळू नसती तर वळणावर पाइप चेपला असता. नंतर वाळूचा कणन् कण झटकून काढला. तुझ्या इंजिनाच्या पोटात एक खडाही जायचा नाही. नळी बारीकच ठेवलीय, कारण धुराला थोडी अडवणूक लागते. मोकळं सोडलेलं इंजिन आणि मोकळं सोडलेलं पोर, दोन्ही वाया जातात.

हातमोजे लहान आले. दुकानदारानं तुला फसवलं. काकू ते घालून गुलाबाच्या फांद्या छाटते.

इथलं म्हणशील तर मोठ्या रस्त्यावर तयार सायलेन्सरचं दुकान निघालंय. अर्ध्या तासात बसवून देतात, पोरंसोरं तिकडंच जातात. माझ्याकडं आता जुनी गिऱ्हाइकं तेवढी उरलीत. आपल्या टपालगाडीला दिवाळखोर कंत्राटदारानं पत्र्याचे पाइप बसवले होते, ते काढून गेल्या महिन्यात मी माझे घातले. ड्रायव्हर म्हणतो, चढावर गाडी रडते. त्याला गिअर बदलायचा आळस. नाचता येईना अंगण वाकडं.

काकूला मी सांगून टाकलंय, तुझ्या साहेबाचं काम मिळालं तर शेड चालू, नाही तर मार्चअखेरीला कुलूप. ती हो म्हणाली. ती इतक्या पटकन हो म्हणेल असं वाटलं नव्हतं.

काका

६ फेब्रुवारी

ती. काका,

पाइप पोचले. साहेबांनी सांधे बोटानं चाचपून पाहिले आणि म्हणाले, असं वेल्डिंग आमच्याकडे कुणाला येत नाही. ही चांगली बातमी. आता दुसरी.

तीन दिवस इंजिन पळवलं. मिनिटाला पंचवीसशे फेऱ्यांच्या खाली ते जवळजवळ आमच्या जुन्या पाइपांइतकंच ढेपाळतं. बत्तीसशेला एकदम जोर धरतं. पण भरलेली व्हॅन चढावर बत्तीसशेपर्यंत पोचतच नाही. आम्हाला तो जोर सत्तावीसशेच्या आत हवा होता.

असं का होतं ते लिहिते, रागावू नका. धुराला अडवून इंजिनाला काही मिळत नाही. बारीक नळीतून धूर वेगानं जातो, फायदा त्या वेगाचा. तुम्ही नळी बरोबर बारीक ठेवता, कारण मात्र भलतंच सांगता. आणि लांबीचं असं आहे: इंजिनाची झडप उघडली की धुराचा एक धक्का पाइपात शिरतो. चारी पाइप एकत्र येतात तिथं तो पोचला की उलटतो आणि ओढ होऊन माघारी येतो. तो आला तेव्हा झडप उघडी असेल तर आत उरलेला धूर बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा जास्त शिरते. वेळ चुकली तर दार बंद. लांब पाइपात त्याला जायला-यायला वेळ लागतो, म्हणून तो सावकाश फिरणाऱ्या इंजिनाशी जुळतो. आखूड पाइपातून तो लवकर परततो आणि भरधाव इंजिनाच्याच कामाला येतो. म्हणजे चढाला लांब, शर्यतीला आखूड.

तुमचे पाइप आखूड आहेत. मी सुतळी वळणावळणानं लावून मोजले. चारही अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर, केसाचा फरक नाही. चार वीत म्हणजे मी नव्वदच्या पुढं धरून चालले होते.

काका, हे दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेत का? की घाईत झालं? तसं असेल तर सांगून टाका, मी साहेबांना काहीतरी सांगेन. त्यांनी महिनाअखेरपर्यंत आणखी एक संधी दिलीय.

ठिणगी

१३ फेब्रुवारी

माननीय इंजिनीयरबाई,

तुमचं पत्र पावलं. तेही दोन दिवस उशिरा, कारण टपालगाडी चढावर तापून बंद पडली होती.

मी दुसऱ्याकडून काम करून घेत नाही. घाईत करत नाही. अठ्ठ्याहत्तर की नव्वद हे मला विचारायचं नाही. चार वीत मागितलेस, चार वीत दिले. तुझ्या बापाच्या गाडीला ज्या हातानं मोजले त्याच हातानं मोजले. चारही पाइप सारखे भरले असं तूच लिहितेस. ज्याचा हात चुकतो त्याचे चार पाइप चार तऱ्हेचे होतात. तेव्हा तुझं यंत्र तपासून घे.

टपालगाडीवाल्यालाही मी काल हेच सुनावलं. तो आता येता-जाता माझ्याकडं बघत नाही.

पुन्हा संच पाठवणार नाही. कळावे.

काका

१४ फेब्रुवारी

बाळ,

हे पत्र मी वाण्याच्या दुकानात बसून लिहितेय. तुझ्या काकांना यातलं काही ठाऊक नाही आणि तूही सांगू नकोस.

तुझं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. मग शेडमध्ये जाऊन बसले, काम न करता. मी शेड बंद करायला पटकन हो म्हटलं, त्याचा त्यांना राग आहे. पण मी का म्हटलं ते सांगते. दोन वर्षं झाली, त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. तोंड धुताना त्यांचं बोट डोळ्यात जातं. उजवा हात खिशात जात नाही, म्हणून किल्ली डाव्या खिशात ठेवतात. विचारलं की म्हणतात, थंडीनं आखडलाय. भर उन्हाळ्यातही हेच म्हणत होते.

तुझे हातमोजे लहान नव्हते गं. अंगठा आणि दोन बोटं नीट गेली. बाकीची दोन आत शिरेनात.

काकू

२२ फेब्रुवारी

ती. काका,

यंत्र तपासलं. ठीक आहे. मग दुसरं एक माप तपासलं, ते सांगायला हे पत्र.

आमच्या स्वयंपाकघराचं दार आई या महिन्यात रंगवायला काढणार होती. रविवारी ती डबा उघडून बसली होती आणि मी दाराशी उभी होते. त्या दारावर तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर सुट्टीत तुम्ही यायचात, मला दाराला पाठ लावून उभं करायचात आणि जमिनीपासून वीत-वीत मोजत वर यायचात. प्रत्येक वितीला एक रेघ. आई ओरडायची, दार खराब होतं म्हणून. शेवटची मोजणी मी सतरा वर्षांची असतानाची आहे. बाजूला तुमच्याच अक्षरात लिहिलंय, सात वीत पुरी, आता पुरे.

मी पोलादी टेप आणून त्या रेघा मोजल्या. जमिनीपासून पहिली तेवीस सेंटीमीटर. दुसरी तेवीस. सातही तेवीस. चार वितींचे ब्याण्णव होतात, आणि बाबांच्या गाडीला तुम्ही तेव्हाच पाइप केले होते. आता तुमच्या चार विती अठ्ठ्याहत्तर भरतात. म्हणजे एक वीत साडेएकोणीस.

तुमचा हात चुकला नाही, काका. चुकला असता तर चार पाइप चार तऱ्हेचे झाले असते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. हातच बदललाय. बाबांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शेवटी तळव्याला टेकलेलं असायचं, आठवतं? त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. ताटावर बसल्यावर आम्हाला दिसायचं. तुमचंही तसंच होत असेल तर लपवण्यासारखं त्यात काही नाही. यावर शस्त्रक्रिया असते. मी इथल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधी हात पाहावा लागेल, पण बोटं बरीचशी सरळ होऊ शकतात. करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

मी मात्र चुकले. काम दुसऱ्याकडून करून घेतलंत का, असं तुम्हाला विचारलं. ते विचारायला नको होतं. मला त्याची फार लाज वाटतेय.

सोबत पातळ पोलादाची पट्टी पाठवतेय. वळणावर वळते, उचलली जात नाही. मी स्वतः कापलीय, दारावरच्या रेघेला लावून. लांबी तेवीस सेंटीमीटर. ही तुमची वीत आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

आईनं दार रंगवायचं थांबवलंय.

ठिणगी

६ मार्च

ती. काका,

पट्टी मिळाली का? साहेबांनी मुदत थोडी वाढवलीय, त्यामुळे घाई नाही. दोन ओळी लिहा. नुसतं पोचलं एवढं लिहिलंत तरी चालेल.

ठिणगी

२४ मार्च

ठिणगे,

पोचलं.

दुसरी ओळ लिहायला महिना लागला, कारण मी कामात होतो.

पट्टी आली त्या दिवशी ती समोर टाकून तिच्यावर हात ठेवला. अंगठा एका टोकाला लावला. करंगळी दुसऱ्या टोकापासून चांगली दोन बोटं अलीकडं राहिली. डाव्या हातानं ओढून पाहिली, येईना. मग दार लावून घेतलं. खोटं कशाला लिहू, रडलो.

बोटं वाकतायत हे मला कळत होतं. सहा-सात वर्षं झाली. वीत लहान होतेय हे मात्र डोक्यात आलं नाही. माणसाच्या लक्षात येणार कसं? आज केलेला पाइप कालच्याला लावून पाहिला की जुळतो, कारण दोन्ही त्याच हाताचे. आणि जुना पाइप परत येतो तो गंजून, तुकड्यातुकड्यांनी. टेपला मी खोटारडी म्हणत होतो, आणि खोटं बोलत होता माझा पंजा. हात मी लपवत होतो ते दुसऱ्याच भीतीनं. वाटायचं, कळलं तर तुम्ही सगळे मिळून म्हणाल, आता बस घरी. काकूनं तर म्हटलंच.

मग वही काढली. वही म्हणजे शेडची भिंत, खडूनं गाड्यांचे नंबर लिहिलेली. या सहा वर्षांत गावात माझे पाइप लागलेल्या अकरा गाड्या निघाल्या. दोन भंगारात गेल्या. उरल्या नऊ. एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं, तुझ्या गाडीत माझी चूक आहे, आणून सोड. भाजीवाला म्हणाला, मला वाटलं माझं इंजिनच म्हातारं झालं. दाईबाई म्हणाली, मी गेली तीन वर्षं चढ टाळून लांबच्या रस्त्यानं जाते. ते ऐकून मान वर करवेना. तिला रात्री-अपरात्री लोक बोलावतात.

टपालगाडी सगळ्यात आधी घेतली. ड्रायव्हर शेडच्या बाहेरच उभा राहिला, हाताची घडी घालून. मी म्हटलं, अंगण सरळ होतं, मीच वाकडा नाचत होतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढून आला आणि शेडसमोर तीनदा हॉर्न वाजवून गेला. हे पत्र तुला वेळेवर मिळालं तर का ते समजून घे.

नऊही गाड्या झाल्या. तुझ्या साहेबाचा संच शेवटी घेतला, म्हणून उशीर. त्याला सांग, आधी ज्यांचं बिघडवलं त्यांचं, मग नव्या गिऱ्हाइकाचं. वेगळ्या पार्सलनं आज निघालाय. मुदत संपली असेल तर संच तुझ्याकडं ठेव, कपडे वाळत घालायला होईल.

शस्त्रक्रियेला मे महिन्यात येतो. काकू म्हणते, आधीच जाऊ. पण शेडमध्ये चार गाड्या उभ्या आहेत. नऊ जणांनी गावभर सांगितलं ना, म्हातारा स्वतः चूक सांगत दारोदार फिरतो म्हणून. आता तयार सायलेन्सरवाल्याकडची माणसंही इकडं वळलीत. मार्चअखेर सात दिवसांवर आलीय आणि कुलूप कुठं ठेवलंय ते काकूला सापडत नाही.

आणखी एक. सतराव्या वर्षी तू सात वीत पुरी भरली होतीस. आजच्या माझ्या हातानं मोजली तर सव्वाआठ भरशील. या वयात एवढी वाढलीस, आईला सांग.

काका

११ एप्रिल

ती. काका,

तुमचं पत्र तिसऱ्या दिवशी मिळालं. यापूर्वी पाच लागायचे.

आता एक कबुली माझी. साहेबांनी मुदत वाढवली नव्हती. एक मार्चलाच ते नाही म्हणाले होते आणि बाहेरून तयार पाइप मागवले होते. तुम्ही काम अर्ध्यावर टाकून द्याल या भीतीनं मी खोटं लिहिलं. तुम्ही तर त्या वेळी माझ्या साहेबाला शेवटच्या नंबरावर ठेवून बसला होतात.

तुमचा संच आला तो शनिवार होता. चाचणीघर बंद असतं. मी चावी मागून घेतली आणि एकटीनं संच बसवला. पहिल्यांदा सुतळी लावून मोजला. ब्याण्णव, चारही. मग इंजिन सुरू केलं. सव्वीसशे पन्नासला ओढ आली. काटा वर चढून तिथंच टिकला आणि मी वहीत लिहायचं सोडून नुसती बघत राहिले. किती वेळानं कोण जाणे, मागं साहेब उभे दिसले. आवाज ऐकून आले होते. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून घ्या, मी आकडे लिहितो.

तयार पाइपांचाही निकाल सोमवारी आला. ते एकोणतीसशेला. साहेबांनी चढाच्या रस्त्यांवरच्या पहिल्या बारा व्हॅनसाठी तुमचे संच मागितले आहेत. शस्त्रक्रियेनंतर बोटं मोकळी होईपर्यंत ते थांबतील. तसं पत्र वेगळं येईल, शिक्क्यासहित.

आमच्या वहीत एक रकाना असतो, मोजमाप कशानं घेतलं याचा. तिथं यंत्राचं नाव आणि ते कशाशी पडताळून पाहिलं ते लिहावं लागतं, त्याशिवाय साहेब सही करत नाहीत. मी लिहिलं: काकांची वीत, तेवीस सेंटीमीटर. पडताळणी, स्वयंपाकघराच्या दाराशी.

साहेबांनी ते वाचलं. पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, त्या दाराला रंग तर देणार नाही ना?

मी नाही म्हटलं, आणि त्यांनी सही केली.

तुमची
ठिणगी